असिस्टेड लिव्हिंगला मराठीत काय म्हणता?

गोदाकाठ: ज्येष्ठ नागरिक संघासाठी माहितीपत्रक करतेय, त्यात असिस्टेड लिव्हिंगला, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळते अशा ज्येष्ठांच्या निवासाला, शब्द हवाय. वृद्धाश्रम लिहिलं तर निम्मे काका-काकू पुढचं वाचणारच नाहीत. 'सहाय्यित निवास' सुचलंय पण जीआर वाचल्यासारखं वाटतं.

बारक्या: सहाय्यित नकोच, तोंडात बसत नाही. मुळात वृद्धाश्रम या एकाच शब्दात आपण काय काय कोंबतो बघा, सरकारी मातोश्री वृद्धाश्रम पण तोच, डिपॉझिट घेऊन खोली देणारा ट्रस्ट पण तोच. पुण्यात अथश्रीत, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या गृहसंकुलात, फ्लॅट घेणाऱ्याला मात्र कोणी आश्रमात गेला म्हणत नाही 😄

पेठकर: शब्दाला निराधारपणाचा वास आहे तो उगाच नाही. पुण्यात नव्या पेठेतला निवारा वृद्धाश्रम 1863 चा, मूळ नाव डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही वृद्धाश्रम येतो तो गरिबांसाठीच, कलम 19, जिल्ह्याला निदान एक आणि तिथे किमान 150 जणांची सोय. त्यामानाने निवारा हे नाव किती छान ठेवलंय.

सुमाताई: नाव काहीही ठेवा गं, पण मदत कुठवर ते लिही. आमच्या आत्या स्वतःहून एका ठिकाणी राहायला गेल्या, फॉर्मवर पहिलाच प्रश्न, आंघोळ, जेवण, संडास स्वतःचं स्वतः करता का? जाहिरातीत पण 'हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांसाठी' असंच होतं, तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. दोन वर्षांनी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि संस्थेचा फोन, आमच्याकडे बेडरिडनची सोय नाही, घेऊन जा. म्हणजे ते असिस्टेड नव्हतंच, नुसतं जेवणखाण आणि सोबत. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी शुश्रूषा केंद्र वेगळं असतं.

बारक्या: +1. मग सरळ तीन शब्द करा की, ज्येष्ठ निवास, मदतीसह ज्येष्ठ निवास, शुश्रूषा केंद्र. दिसायला बोजड आहे पण निदान कळतं तरी.

पेठकर: आणि क्रियापद सांभाळा. 'आश्रमात टाकलं' हे तर आहेच, पण 'ठेवलं' पण काही कमी नाही, सामान ठेवतात. सुमाताईंनी वर 'राहायला गेल्या' लिहिलंय ते बरोबर. अर्थात खरंच मुलांनी परस्पर नेऊन सोडलं असेल तर टाकलंच म्हणावं, तिथे गोड शब्द कशाला?

गोदाकाठ: मदतीसह ज्येष्ठ निवास घेते, खाली आंघोळ-औषधं-डायपर कोण बघणार याचा तक्ता पण टाकते. आता केअरटेकरला काय लिहू, काळजीवाहू?

बारक्या: काळजीवाहू सरकार असतं 😂 मावशी नाहीतर मामा लिहा, आमच्या आजोबांच्या तिथे सगळे तेच म्हणतात.

सुमाताई: पत्रकात मावशी बरं नाही दिसणार, मदतनीस लिही.