मेलाटोनिन मुक्त मूलके टिपते की पेशीला जगण्याचा संकेत देते?

प्रश्न:
चेतापेशींच्या संवर्धनात ऑक्सिडेटिव्ह ताण देणारे हायड्रोजन पेरॉक्साइड घालण्याच्या १ तास आधी १०० मायक्रोमोलर मेलाटोनिन (रात्री स्रवणारे संप्रेरक, जे मुक्त मूलके म्हणजे पेशीला इजा करणारे अतिक्रियाशील रेणूही टिपते) दिले, तर पुष्कळ अधिक पेशी वाचतात आणि पेशीला जगण्याचा संकेत देणाऱ्या एकेटी प्रथिनाचे फॉस्फोरिलेशनही (फॉस्फेट जोडले जाऊन सक्रिय होणे) वाढलेले दिसते. एकेटीला सक्रिय करणाऱ्या पीआय३के एन्झाइमला रोखणारे एलवाय२९४००२ दिल्यास हे संरक्षण बव्हंशी नाहीसे होते. एवढ्यावरून हे संरक्षण पीआय३के-एकेटी मार्गाने होते, असे प्रबंधात लिहिणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १:
माझ्या मते अद्याप नाही. रात्री रक्तातील मेलाटोनिन मिलिलिटरमागे साधारण १०० पिकोग्रॅम, म्हणजे सुमारे ०.४ नॅनोमोलर असते. आपली मात्रा त्याच्या २ लाखपटींहून अधिक आहे. एमटी१ आणि एमटी२ हे पेशीवरचे मेलाटोनिनचे रिसेप्टर काही नॅनोमोलरलाच जवळजवळ पूर्ण व्यापले जातात, त्यामुळे १० नॅनोमोलरला काहीच संरक्षण मिळत नसेल, तर रिसेप्टरमार्गे संकेत गेल्याचा दावा लंगडा पडतो. मात्रांची पूर्ण मालिका लावा आणि सोबत हे रिसेप्टर अडवणारे लुझिंडोल वापरा.

प्रतिसाद २:
मला अधिक खटकते ते एलवाय२९४००२. मेलाटोनिन असो वा नसो, बॅडसारख्या मृत्यूकडे नेणाऱ्या प्रथिनांना आवर घालण्यासाठी पेशीला थोडे एकेटी सतत लागतेच. ते बंद केल्यावर पेशी दुबळी होणारच. शिवाय हा रेणू एमटॉर आणि सीके२ या इतर एन्झाइमांनाही रोखतो. केवळ एलवाय२९४००२ दिलेला गट आपल्या आलेखात आहे का?

दुसरे म्हणजे वेळ. संरक्षक जनुके चालू करणारे एनआरएफ२ हे प्रथिन त्याला अडवून ठेवणाऱ्या कीप१ या प्रथिनाच्या पकडीतून सुटून केंद्रकात जाते, हीम ऑक्सिजनेज-१ हे संरक्षक एन्झाइम आणि ग्लुटाथायोन हे अँटीऑक्सिडंट घडवणारी एन्झाइम वाढवते, आणि या साऱ्याला काही तास लागतात. म्हणून मेलाटोनिन १२ तास द्या, माध्यम बदलून पेशी नीट धुवा आणि मगच पेरॉक्साइड घाला. तरीही संरक्षण टिकले, तर त्याचे श्रेय केवळ मूलके टिपण्याला देता येणार नाही. मेलाटोनिन मेदात सहज मुरते, त्यामुळे एकदा धुऊन भागणार नाही.

प्रश्नकर्ता:
तसा गट नव्हता; तो लावतो. हाच निष्कर्ष इतर पेशींना लागू करता येईल का?

प्रतिसाद १:
नाही. अनेक कर्करोग पेशींमध्ये जास्त मात्रेचे मेलाटोनिन उलट ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवते आणि एकेटीचे फॉस्फोरिलेशन घटवते. विधान आपल्याच पेशींपुरते ठेवा. जगलेल्या पेशी एमटीटी या रंगचाचणीने मोजल्या असतील, तर एलडीएच गळतीही (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारे एन्झाइम) तपासा, कारण एमटीटी पेशींची संख्या नव्हे, तर त्यांची चयापचय क्षमता दाखवते.