किलमार्टिनच्या खोऱ्यात आठवडाभर: कॉटेजविषयीचा पत्रव्यवहार

विषय: जूनमध्ये आठवड्यासाठी कॉटेज, सल्ला हवा आहे

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझे आई-वडील जूनमध्ये पुण्याहून येत असून त्यांना आणि मुलांना घेऊन स्कॉटलंडच्या ग्रामीण भागात आठवडाभर कॉटेज घेण्याचा आमचा विचार आहे. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत, त्यामुळे त्यांना प्राचीन अवशेष पाहण्याची ओढ आहे आणि आईला समुद्र हवा आहे. बाबांच्या गुडघ्यांना मोठी चढण मात्र झेपणार नाही. काही परिचितांनी इन्व्हरनेस, स्काय आणि ओबान अशी फिरती सहल सुचवली आहे. या भागाची माहिती असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

नमस्कार.

ज्येष्ठांना घेऊन फिरती सहल करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. रोज सामान बांधायचे आणि दिवसाचा मोठा भाग गाडीत काढायचा, यात पाहणे असे फारसे होतच नाही. त्याऐवजी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील अरगाईल भागात, किलमार्टिन गावाच्या आसपास एकच कॉटेज घ्यावे. ग्लासगोहून लॉख लोमंड सरोवराच्या काठाने निघाल्यास गाडीने साधारण दोन-अडीच तासांत तेथे पोहोचता येते. गावाभोवतीच्या सहा मैलांच्या परिसरात प्रागैतिहासिक आणि ऐतिहासिक मिळून आठशेहून अधिक स्थळांची नोंद आहे, आणि त्यांतील अनेक ठिकाणी तिकीट न काढता, शेताच्या फाटकातून थेट जाता येते. फाटक जसे असेल तसेच मागे ठेवावे आणि मेंढ्यांच्या फार जवळ जाऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

गावाच्या दक्षिणेला सपाट खोऱ्यात दगडगोट्यांच्या पाच मोठ्या राशी एका रांगेत आहेत. ही प्राचीन दफनस्थाने आहेत. नेदर लार्जी साउथ ही त्यांतली सर्वांत जुनी रास नवाश्मयुगातील असून वाकून तिच्या दगडी दालनात जाता येते. नेदर लार्जी नॉर्थमध्ये झडप सरकवून खाली उतरले की दगडी पेटीच्या झाकणशिळेवर कुऱ्हाडीच्या पात्यांच्या आकृती कोरलेल्या दिसतात. खाली बाबांना उतरवू नये, पण मुलांना जरूर दाखवावे आणि विजेरी बरोबर ठेवावी. जवळच टेंपल वूडचे शिळावर्तुळ आहे. त्यातील एका शिळेवर कोरलेले दुहेरी सर्पिल एका बाजूवरून कड ओलांडून दुसऱ्या बाजूवर गेले आहे. ते भर दुपारी नजरेतून निसटते, पण उन्हे कलल्यावर स्पष्ट उठून दिसते. जूनमध्ये तेथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवण आटोपूनही जाता येईल.

बाबांसाठी माझी पहिली पसंती डनक्रेगेग आणि बालूअक्रेग ही आहे, कारण दोन्ही ठिकाणे एकाच वाहनतळापासून थोड्याच अंतरावर आहेत. डनक्रेगेगच्या राशीत, छताच्या शिळेच्या खालच्या बाजूस, बारशिंग्यासारख्या फांदीदार शिंगांच्या हरणांची कोरीव चित्रे आढळल्याचे 2021 मध्ये जाहीर झाले. ती चार ते पाच हजार वर्षांपूर्वीची असून स्कॉटलंडमध्ये त्या काळातील प्राण्यांची कोरीव चित्रे त्याआधी सापडलेली नव्हती. बालूअक्रेगच्या उघड्या कातळावर वाटीसारखे खळगे आणि त्यांभोवती वर्तुळे आहेत. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यावरील कातळशिल्पे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना येथे उभे राहताना फार जिव्हाळा वाटतो, निदान मला तरी वाटला. कृपया कातळावर पाय ठेवू नये आणि फोटो उठावदार यावा म्हणून खडूने रेषा गिरवू नयेत. हजारो वर्षे टिकलेली गोष्ट आपल्या हातून झिजू नये.

कॉटेज आरक्षित करताना जाहिरातीत परवाना क्रमांक आहे ना, हे पाहावे. अल्पकालीन भाड्याने घर देण्यासाठी स्कॉटलंडमध्ये परवाना बंधनकारक आहे. किराणा जवळच्या लॉखगिल्पहेड गावी मिळतो, पण कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि आपल्या डाळी ग्लासगोहूनच घ्याव्यात. खेड्यांतील बऱ्याच घरांना सेप्टिक टाकी असते, म्हणून तळणीचे तेल सिंकमध्ये ओतू नये.

उत्तर २

नमस्कार.

वरील पत्राशी पूर्ण सहमत आहे, आणि आईंच्या समुद्राबद्दल थोडी भर घालतो. 1801 मध्ये खुला झालेला क्रिनन कालवा नऊ मैलांचा आहे. त्याच्या काठची वाट सपाट असल्यामुळे ज्येष्ठांना रमतगमत चालता येते. क्रिननला बोट कालव्याच्या शेवटच्या जलद्वारातून समुद्रात उतरताना पाहण्यात मुलांचा तासभर सहज जाईल. जुरा आणि स्कार्बा या बेटांमधल्या सामुद्रधुनीत कॉरीव्रेकनचा प्रसिद्ध भोवरा आहे. तो पाहण्यासाठी बोटी सुटतात, मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा जोर मोठा असतो आणि भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी क्षीण असण्याच्या, दिवसांत फारसे काही दिसत नाही. म्हणून तिथी आणि भरतीची वेळ पाहूनच बोट ठरवावी, आणि आईंना बोट लागत असेल तर हा बेत सोडून द्यावा. त्याऐवजी टेव्हॅलिख गावाच्या पुढे किल्सचे जुने चॅपल आहे. तेथील कोरीव थडगेशिळा पाहून समोरचा समुद्र निवांत न्याहाळता येतो. रस्ता एकपदरी आहे, त्यामुळे समोरून गाडी आल्यास रुंद केलेल्या जागी थांबून वाट द्यावी.

जूनमध्ये संध्याकाळी वारा पडला की मिज नावाची चिलटे हैराण करतात. सर्वांसाठी जाळीच्या टोप्या घ्याव्यात आणि गवतातून चालून आल्यावर गोचीड लागली नाही ना, हे तपासावे.

विषय: पुन्हा एक प्रश्न

दोघांचेही मनःपूर्वक आभार. किलमार्टिन निश्चित केले आहे. बाबांना डनॅडच्या टेकडीविषयी कुतूहल आहे. ती त्यांना चढता येईल का?

उत्तर १

टेकडी लहान असली तरी वाट खडकाळ आहे, आणि पावसानंतर ती निसरडी होते, म्हणून बाबांनी वर न चढणे मला योग्य वाटते. डनॅड हे डाल रिआता या गेलिक लोकांच्या प्राचीन राज्याचे सत्ताकेंद्र होते. 683 मध्ये तेथे वेढा पडल्याची नोंद आयरिश वृत्तान्तांत आहे, आणि 736 मध्ये पिक्ट या स्कॉटलंडमधील दुसऱ्या प्राचीन लोकांच्या राजाने ते जिंकून घेतले. माथ्याजवळच्या कातळात पावलाच्या आकाराची खाच आहे आणि राज्यारोहणाच्या वेळी राजा तीत पाऊल ठेवत असावा, असे अभ्यासक मानतात. आज दिसते ती मूळ खाचेवर बसवलेली प्रतिकृती आहे. मुलांनी वर जाऊन फोटो काढून आणावेत. बाबांनी तोवर किलमार्टिनच्या संग्रहालयात बसावे. ते 2023 मध्ये नव्या रूपात पुन्हा उघडले आहे आणि उत्खननांतील मूळ वस्तू तेथे आहेत. डनॅडहून गाडीने ते दहा मिनिटांच्या आतच आहे.