मदत हवी आहे: पणजोबांचे लष्करी ओळख-बिल्ले कसे जपायचे?

पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले. त्यांच्या गळ्यातले दोन बिल्ले ट्रंकेत सापडलेत, एक हिरवा अष्टकोनी, एक लाल गोल. (जवान पडला तर लाल काढून नेत, हिरवा देहासोबत राही. दोन्ही घरी आले हे नशीबच!)

आई म्हणते पितांबरी लाव. पण हे धातूचे नाहीत, दाबलेल्या फायबरचे आहेत, पाण्याने फुगतात. ठोकलेल्या आकड्यांत काळा मळ घट्ट बसलाय आणि लालच्या कडेचे पापुद्रे सुटायला लागलेत. कोरड्या मऊ ब्रशने मळ निघेल का? पापुद्रे कशाने चिकटवू? दोरी कुजलीय, तरी मूळचीच ठेवायची आहे. चिपळूणच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल पुरेल का? संग्रहालयात काम करणारं कुणी असेल तर प्लीज सांगा.