पटकथा शिकायला पुण्याला जावं की सरळ मुंबई गाठावी?

बालाघाटचा_वारा
मालिका लिहिणाऱ्या, आपल्याच मराठवाड्यातल्या एका लेखकाची पोस्ट गेल्या आठवड्यात गावोगावच्या ग्रुपवर फिरली. सार असं: पटकथेचं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे बापाच्या पैशाची माती. नाटककार विजय तेंडुलकर कुठल्या वर्गात बसले होते? तुमच्याकडं अनुभव आहे, भाषा आहे. बॅग उचला, मुंबई गाठा, कुणाच्या तरी हाताखाली लागा, आपोआप शिकाल. खाली बीड-लातूर-परभणीच्या पोरांनी 'एकच नंबर सर' म्हणून रांग लावलीय. ही पोरं ते खरं मानून निघतील म्हणून सविस्तर लिहितोय.

तेंडुलकरांना 'मंथन'च्या पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा १९७६ चा. त्याआधीची वीसेक वर्षं हा माणूस नाटकं लिहीत होता, वर्तमानपत्रांत काम करत होता, 'रंगायन' या नाट्यसंस्थेतली मंडळी त्याचं लिखाण रंगमंचावर उभं करत होती. आपण लिहिलेलं वाक्य नटाच्या तोंडून ऐकायला मिळणं आणि ते कुठं पडतंय हे समोर दिसणं, याला शाळा नाही तर काय म्हणायचं? ती मुंबईत होती. अहमदपूरच्या पोराला ती कुठं सापडणार?

मी एका संस्थेत पटकथा शिकलो. संस्थेचं नाव इथं महत्त्वाचं नाही. पहिल्याच सत्रात मोंढ्यावरचा, म्हणजे धान्याच्या बाजारातला सीन लिहून नेला होता. शेतकरी सोयाबीन घेऊन येतो, आडत्या भाव पाडतो, शेतकरी चार पानं बोलतो. कर्ज, पाऊस, पोरीचं लग्न, सगळं त्यात. मला वाटलं वर्ग रडेल. सरांनी एवढंच विचारलं, "हा माणूस दुसऱ्या आडतीवर का जात नाही?" मला उत्तर माहीत होतं, कारण आमच्या घरचंच होतं ते. पेरणीच्या वेळी त्याच आडत्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात. पण चार पानांत तो शब्द कुठंच आला नव्हता. मग पुन्हा लिहिला, परत पुन्हा. शेवटी राहिलं ते असं: आडत्या कट्ट्यात हात घालतो, एक दाणा दाताखाली धरतो. मशीन ओलावा १४ टक्के दाखवतं, चालतो १२. तो वही उघडतो आणि बोट ठेवतो, ते भावावर नाही, जूनमधल्या उचलीवर. शेतकऱ्याचा पोरगा बापाकडं बघतो. बाप मापाड्याला म्हणतो, "मोजा."

हे मला कुणाच्या हाताखाली शिकायला मिळालं नसतं. तिथं सीन सकाळी द्यायचा असतो. पुन्हा लिहायला वेळ कोण देतो?

फिल्मसिटी_गेट
ती पोस्ट माझी नाही, पण त्यातला शब्दन् शब्द मला पटतो. मी अंबाजोगाईचा, मालिकांचे संवाद लिहून घर चालवतो.

भाऊ, तुमचा सीन चांगला आहे. आता मालिकेत हे काम कसं चालतं ते ऐका. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वनलाईन, म्हणजे भागाचा थोडक्यात आराखडा, चॅनलकडं जाते, तिथली क्रिएटिव्ह टीम ती फिरवते, गुरुवारी टीआरपी येतो आणि चांगला चाललेला ट्रॅक शुक्रवारी बंद होतो. रात्री अकराला फोन येतो की उद्या अमुक नट नाही, त्याचे सीन दुसऱ्यावर टाका. सेटवर माणसं कागदाची वाट बघत असतात. डिप्लोमावाले दोघंजण माझ्यासोबत होते. सकाळपर्यंत सहा सीन मागितले की एक सीन आणायचे आणि त्यावर चर्चा करायचे. दोघंही टिकले नाहीत. तुमची पदवी मला आजवर एकाही निर्मात्यानं विचारली नाही.

आणि पैशाचं बोला. माझ्या चुलतभावानं एका खासगी संस्थेत असाच कोर्स केला. काकांनी विहिरीजवळचा तुकडा गहाण टाकला. पोरगं आज एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडं एडिटिंग करतंय, हप्ते काका भरतायत. हे 'एकच नंबर सर'वाल्या पोरांना कोण सांगणार?

नाट्यशास्त्रवाली
तुम्ही दोघंही पुरुष आहात, म्हणून 'बॅग उचला' हे वाक्य तुम्हाला सोपं वाटतंय.

मी केज तालुक्यातली. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात एम.ए. केलं. घरी "मुंबईत असिस्टंट म्हणून जाते" असं म्हणाले असते तर पुढच्या महिन्यात माझं लग्न लागलं असतं. "संभाजीनगरला विद्यापीठ आहे, वसतिगृह आहे, एम.ए. होतं" म्हणाले, तर मोठ्या दादानं स्वतः आणून सोडलं. माझ्या वर्गातल्या जवळपास सगळ्या मुलींची हीच गोष्ट. पदवी निर्माता विचारत नसेल, पण आमच्या घरात विचारतात. आमच्यासाठी ते दारच आहे, आणि ते बंद करा म्हणणारे सगळे आधीच बाहेर पडलेले आहेत.

खासगी आणि सरकारी एकाच मापानं मोजू नका, हेही सांगते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला कोणत्याही शाखेची पदवी चालते, प्रवेश परीक्षेतून होतो. तिथला पटकथेचा कोर्स आधी वर्षाचा होता, आता दोन वर्षांचा, त्यात वेब मालिकाही आहेत. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत टीव्ही-डिजिटलसाठीचं लेखन वेगळं शिकवतात. तुमच्या काकांची जमीन ज्यांनी गिळली ते हे नव्हेत.

आमच्या विभागात नाटक मनापासून शिकवलं, पण पटकथा फार थोडी. तक्रार करायची तर ती करा, की मराठवाड्यात पटकथेचं स्वतंत्र, दोन वर्षांचं शिक्षण विद्यापीठात का नाही? नांदेडच्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, इथं नाट्यशास्त्र आहे. पाया तयार आहे.

जुना_मोंढा
शिकून करणार काय? टीव्हीवर गाव दाखवायचं म्हटलं की तेच ते कोल्हापूर-साताऱ्याचं गाव, तोच वाडा, तीच बोली. आपलं गाव कधी येतं? जमिनीला भेगा आणि झाडाला दोर असला की. बाकीचं वर्षभर आम्ही जगतच नाही काय?

माझा मित्र एका मालिकेत छोटी भूमिका करत होता, बीड जिल्ह्यातला शेतकरी. त्यानं घरी बोलतो तसं "मपलं शेत" म्हटलं. दिग्दर्शकानं कट केलं. सांगितलं, असं कुणी बोलत नाही, 'माझं' म्हण, आणि जरा रांगडं म्हण. म्हणजे कोल्हापुरी म्हण. त्यानं तसंच म्हटलं, पोटाचा प्रश्न होता. मला घरी सांगताना त्याच्या डोळ्यात पाणी होतं. हे कुठल्या कोर्सात शिकवतात?

फिल्मसिटी_गेट
मोंढेसाहेब, दिग्दर्शक चुकला, मान्य. पण चॅनल सांगतं की नाशिकच्या, ठाण्याच्या बाईला कळलं पाहिजे. आणि 'आपली भाषा' म्हणजे नेमकी कोणती? बीडची हिंगोलीला चालत नाही, लातूरची जालन्याला. एक ठरवा, मी उद्या लिहितो.

तेरणाकाठ
एक कशाला ठरवायची? आम्ही उमरग्याचे. आमच्याकडं "काय करूलालाव" म्हणतात, बाजारात कानडी ऐकू येते, आजीच्या तोंडात निजामाच्या काळातली उर्दू आहे. नांदेडात देगलूर-बिलोलीकडं जा, तेलुगू ऐका. शेतकरी तिकडं कास्तकार होतो. एवढं सगळं कानावर असलेला लेखक कुठल्याही भाषेतल्या संवादलेखकाला भारी पडेल. पण ते 'रांगडं' करायला सांगितलं की सगळं मरतं.

फिल्मसिटीवाले, तुम्ही स्वतः अंबाजोगाईचे. आद्यकवी मुकुंदराजांच्या गावातले. तुमच्या मालिकेत एक तरी पात्र अंबाजोगाईचं बोलतं का?

फिल्मसिटी_गेट
माझ्या गावाचं मला सांगू नका. मी तिथून आलो तेव्हा मालाडच्या खोलीत आम्ही पाचजण झोपायचो. एका निर्मात्यानं तीन महिन्यांचे पैसे बुडवले. बोलीचा हट्ट धरला असता तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा बसला असता. तुम्ही घरी बसून अस्मिता सांभाळा, आम्ही हप्ते सांभाळतो.

जुना_मोंढा
घरी बसून? मी रोज पहाटे चारला मोंढ्यावर असतो, हमालाचा पोरगा आहे मी. तुमच्या मालिका माझी आई बघते. आपल्यासारखं बोलणारं माणूस टीव्हीवर आलं की ती आतून मला हाक मारते, "अरे बघ, आपल्याकडचं!" तसं कधी होतं माहितीय? विनोदी कार्यक्रमात. आपण हसायला तेवढे लागतो. तुमच्यासारखे आतमध्ये असूनही हे चालू आहे, याचा मला राग आहे.

नाट्यशास्त्रवाली
दादा, राग बरोबर आहे, पण तो चुकीच्या माणसावर निघतोय. रात्री अकराला सीन बदलून देणारा माणूस चॅनलशी भांडणार कसा?

आपल्याकडून काही झालंच नाही असंही नाही. प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी ही औरंगाबादची नाटकवाली मंडळी आपली 'जिगीषा' ही नाट्यसंस्था घेऊन मुंबईत गेली आणि उभी राहिली. गट होता म्हणून टिकली. जांबसमर्थचे राजकुमार तांगडे शेती करत नाटक लिहितात, त्यांचं नाटक पुण्या-मुंबईत गाजलं. त्यात कुणी भाषा 'रांगडी' करून मागितली नाही. नाटकात लेखकाचा शब्द राहतो. मालिकेत तो राहत नाही.

फिल्मसिटी_गेट
तांगडे कुठल्या कोर्सला गेले होते? तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात.

बालाघाटचा_वारा
तांगड्यांसारखा माणूस एखादाच. त्याच्याकडं बोट दाखवून बाकी सगळ्यांना 'शिकू नका' म्हणायचं हेच मला खटकतं. नागराज मंजुळे जेऊरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. मराठीत एम.ए. केलं आणि मग नगरला संज्ञापनशास्त्र, म्हणजे माध्यमांचा अभ्यास शिकायला गेले. त्यांना अनुभव कमी होता म्हणून नव्हे.

बोलीचं भांडण मूळ मुद्द्याच्या बाहेरचं आहे असं मला सुरुवातीला वाटलं, पण ते आतलंच आहे. सेटवर 'मपलं' कापलं जातं तेव्हा त्याला उत्तर द्यायला कुणी नसतं. 'कुणी असं बोलत नाही' याला 'आम्ही बोलतो' हे उत्तर पुरत नाही. हे पात्र इथंच असं का बोलतं, पुढच्या सीनमध्ये शहरात गेल्यावर का बदलतं, आणि ठाण्याच्या बाईला ते संदर्भानं कसं कळेल, हे कागदावर आधीच बांधलेलं असावं लागतं. ते बांधायला मी वर्गात शिकलो.

विहिरीवरचा
एक उदाहरण दोन्ही बाजूंना टोचेल. 'देऊळ'चे दिग्दर्शक उमेश कुलकर्णी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकले. त्याचे लेखक गिरीश कुलकर्णी तिथं शिकले नाहीत, पण २०११ च्या याच 'देऊळ'साठी संवादाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, सिनेमालाही सर्वोत्कृष्टचा मिळाला. शिकलेला आणि न शिकलेला एकत्र बसले म्हणून ते झालं. शिकायला जाणाऱ्यानं पदवीपेक्षा असा जोडीदार शोधावा.

फिल्मसिटी_गेट
हे पटलं. तिथं जोडीदार भेटतात, मुंबईतल्या खोलीत भेटतात ते भाडेकरू. एवढं देतो.

परभणी_तृतीय_वर्ष
मी बी.ए. तिसऱ्या वर्षाला आहे, वडील एस.टी.त वाहक. सगळं वाचलं आणि जास्तच गोंधळ झाला. मला सिनेमा लिहायचाय, मालिका नाही. कर्ज काढायची परिस्थिती नाही. काय करू?

नाट्यशास्त्रवाली
सरकारी संस्थांच्या प्रवेश परीक्षेची तयारी आजपासून सुरू कर, आणि नाही झालं तर नाट्यशास्त्राला ये. कर्ज काढून खासगी कोर्स करू नकोस, यात मी फिल्मसिटीदादांसोबत आहे. तोवर रोज एक सीन लिही. पान म्हणजे साधारण पडद्यावरचं मिनिट धरतात, म्हणून तीन पानांच्या वर जाऊ नकोस. संवाद झाकून वाच. काय चाललंय ते तरीही कळलं पाहिजे.

फिल्मसिटी_गेट
परभणीवाल्या, माझं ऐक. कोर्सला जा नाहीतर नको जाऊ, पण कथा कुणालाही ऐकवायच्या आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं नोंदवून ठेव. सभासद होता येतं, नोंदणी ऑनलाइन होते. ऐकवल्यावर त्याच दिवशी मेल टाक, काय ऐकवलं ते लिहून. माझी एक कथा मी अशीच तोंडी सांगून आलो होतो. पुढं ती पडद्यावर बघितली, आणि माझ्या हातात कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

करारावर सही करायच्या आधी 'सर्व हक्क कायमचे' असं कुठं लिहिलंय ते शोध. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. सिनेमागृहाबाहेर जिथं जिथं सिनेमा दाखवला जाईल तिथल्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. तरी तसे कागद समोर ठेवतात आणि पोरं सही करतात. मीही केलीय.

बालाघाटचा_वारा
आम्हाला हे वर्गात शिकवलं होतं. पूर्ण करार फळ्यावर लावून, कलमागणिक.

फिल्मसिटी_गेट
पूर्ण करार?

बालाघाटचा_वारा
पूर्ण. हप्ते कधी, श्रेयनामावलीत नाव कुठं, पहिल्या मसुद्यानंतर काढून टाकलं तर किती पैसे, सगळं.

फिल्मसिटी_गेट
मग तेवढ्यापुरता विरोध मागं घेतो. रात्री अकराच्या फोनला तुमचा कोर्स अजूनही कामाचा नाही. त्या नोट्स असतील तर पाठवा, इथं आमच्या ग्रुपमधले सगळे संवादलेखक वाचतील.

जुना_मोंढा
मलाही पाठवा. मी मोंढ्यावरचंच लिहितोय, सध्या अकरा पानं झालीत. आणि बोलीचं भांडण माझ्याकडून मिटलेलं नाही.