मदत हवी आहे: पैठणकडं अकीक (अ‍ॅगेट, पट्ट्यांचा शोभेचा दगड) कुठं सापडेल?

मंडळी, उन्हाळ्यात नाथसागरचं (जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं) पाणी उतरलं की भाच्याला घेऊन संभाजीनगरहून पैठणला बाइकवर जायचंय, पोराला दगडांचं लय वेड. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत अकीक तयार होतो, खडक झिजला की गोटे मोकळे होतात एवढं माहितीय, पण साधी गारगोटी न् अकीक जागेवर ओळखायचं कसं? मी गोटा ओला करून उन्हात धरतो, कडेनं उजेड आरपार आला अन् आत पट्टे दिसले तर खिशात, चाकूचा ओरखडा पडला तर फेकून देतो, बहुतेक कॅल्साइटच (मऊ खनिज) असतं ते. जलाशय पक्षी अभयारण्यात येतो, तिथलं काही उचलायचं नाही हे पक्कं. मग त्याच्या बाहेर, धरणाच्या खालच्या अंगाला एखादा ओढा माहितीय का कुणाला? जवळ सावली अन् चहा असंल तर अजून बरं, भाचा उन्हात फार कुरकुर करतो.