जुन्या पिकअपचा मागचा ॲक्सल बदलायचाय, रेशो जुळेल का?

पंचवटीकर: मंडळी, सातपूरला गॅरेजात जुनी फोर बाय फोर जीप पिकअप उघडून ठेवलीय, मागच्या क्राउनचे (ॲक्सलमधल्या मोठ्या गिअरचे) दात उडालेत, मेकॅनिक म्हणतो भंगारातनं अख्खा ॲक्सल आणून टाकू, टाकू का?

भंगारप्रेमी: आधी दात मोज भावा. क्राउनला ४३ अन् पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला) ८ म्हणजे रेशो ४३ भागिले ८, ५.३८. पुढचा-मागचा रेशो सेमच लागतो, नाहीतर कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकलंस की ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सची) वाट.

घाटवेडा: स्प्रिंग पॅड (ॲक्सलवर स्प्रिंग बसायची जागा) वेल्ड करायच्या आधी पिनियनचा अँगल बघा. माझा चुकला, कसारा घाटात युजे क्रॉस (ॲक्सलला फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला तुकडा) गेला, रात्रभर तिथंच.

पंचवटीकर: मोजले. भंगारातला ४१ आणि ९, पुढचा ४३-८! बरं झालं पैसे दिले नव्हते.

भंगारप्रेमी: मग नुसता क्राउन-पिनियन सेट शोध.