झाडपाल्याच्या औषधातले शिसे
झाडपाल्याच्या औषधात शिसे येईलच कुठून, असे कोणी विचारेल. ते दूषित माती व पाण्यातून वनस्पतीत उतरते. शिवाय रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजे वापरून केलेल्या आयुर्वेदिक औषधांत, पारा, शिसे भस्मरूपाने मुद्दाम घातले जाते, आणि निव्वळ झाडपाल्याचे औषध व रसौषधी यांतला हा भेद रुग्णाला क्वचितच सांगितला जातो. वनस्पतीजन्य औषधांत दर १० लाख भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग, एवढीच मर्यादा आहे. परंतु आमच्या यवतमाळकडील आठवडी बाजारांत कापूस वेचून कंबर धरलेल्या बाया ज्या बिननावाच्या पुड्या घेतात, त्या तपासणार कोण, याची मला खरोखर काळजी वाटते. अशी पुडी घेणाऱ्याला पोटात कळा, बद्धकोष्ठता आणि रक्तक्षय एकत्र दिसल्यास रक्तातील शिसे तपासावे व उरलेली पुडी डॉक्टरांना दाखवावी.